पाठीचा दगड

आदल्या रात्री मला झोप लागली नाही ती कठड्यामुळे. म्हणजे कठडा नसल्यामुळे.

भोकरमेटच्या माथ्यावरून सगळं कोकण पायाशी पसरलेलं दिसतं, असं परागला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. पराग माझा नवरा. त्याला भर मे महिन्यात डोंगर चढायची हौस आहे आणि लोकांनी वर्णन केलेल्या देखाव्यांवर त्याचा विश्वास आहे. माझा विश्वास कठड्यांवर आहे. म्हणून मी संध्याकाळी भोकरमेटला, जिथे आमची जेवणाची आणि वाट दाखवण्याची सोय होणार होती त्या चिमाबाईंच्या घरी, फोन करून विचारलं, माथ्यावर कडेला कठडा आहे का? त्यांच्या सुनेने सांगितलं, "कठडा न्हाई ताई. पण दगड हाये ना." दगड आहे म्हणजे काय, हे विचारायच्या आत रेंज गेली. मग मी त्या दगडाचा विचार करत पडून राहिले. केवढा असेल? कडेला आडवा असेल का? साडेपाच वर्षांची मुलगी त्याच्यावर चढू शकेल का? जुई कशावरही चढू शकते.

तो दगड आता मी पाहिला आहे, तेव्हा आधी तोच सांगते. माथ्यावर कड्यापासून वीस-पंचवीस पावलं अलीकडे एक काळा, लांबट दगड आहे, गुडघ्याएवढ्या उंचीचा. रुंदी एवढीच की दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसू शकतात. दोन्ही बाजूंनी तो बसून बसून गुळगुळीत झालेला आहे. मध्ये टेकायला काही नाही. टेकायची ती दुसऱ्याची पाठ. मेटातले, म्हणजे खालच्या वस्तीतले, लोक त्याला पाठीचा दगड म्हणतात, आणि तिथला रिवाज असा की माथ्यावरून एकट्याने देखावा बघायचा नाही. एकाने कोकणाकडे तोंड करून बसायचं, दुसऱ्याने त्याच्या पाठीला पाठ लावून मेटाकडे तोंड करायचं, आणि मागच्याने आपल्याला काय काय दिसतंय ते मोठ्याने सांगत राहायचं. मग जागा बदलायची. ज्यांना माहीत नसतं त्यांना सांगतात. ऐकत नाहीत त्यांना रागावतात.

असं का, हे आम्हाला चिमाबाईंनी माथ्यावर सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या आजीकडून ऐकलं होतं आणि आजीने कुणाकडून, ते त्यांना माहीत नव्हतं. पण त्याआधी मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं. नाहीतर ती गोष्ट मला एवढी का ऐकू आली, ते कळणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात जुई बुडाली होती. बुडाली, असं मी म्हणते. बाकीचे सगळे घसरली म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बिवलकरकाकांनी घड्याळासकट उडी मारून तिला वर काढलं. कॅमेऱ्यात दिसतं त्याप्रमाणे ती अकरा सेकंद पाण्याखाली होती आणि त्या अकरा सेकंदांत मी काठावरच्या खुर्चीत फोन बघत होते. आयांच्या ग्रुपवर एक लेख आला होता, मुलांसमोर फोन कमी कसा वापरावा याबद्दलचा. चांगला होता. निम्मा वाचून झाला होता.

जुई खोकली, रडली आणि संध्याकाळी तिने आइस्क्रीम मागितलं. मी रडले नाही. नंतरही नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं काहीतरी तीन आठवडे चाललं होतं. फक्त गालापुरतं नव्हतं. डबे भरत होते, कपडे वाळत घालत होते. बोलणं लागेल तेवढंच. जेव. चल. हात दे. पराग म्हणाला, डोंगरावर जाऊन येऊ, तुला मोकळं वाटेल. मी बरं म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. आणि जुईवरून नजर काढत नव्हते. ती झोपली तरी नाही, टीव्ही बघत असली तरी नाही. ती माझ्याकडे वळून बघायची आणि मी तिच्याकडे बघतच असायचे. याचा तिला कंटाळा आला होता असं मला वाटतं, पण ती म्हणाली नव्हती.

पहाटे गाडीने भोकरमेटला पोचलो आणि उजाडताच चढायला लागलो. चिमाबाई पुढे, अनवाणी, साठीच्या पुढच्या असून आमच्या दुप्पट वेगाने. त्यांच्यामागे पराग, मग मी आणि माझ्या मुठीत जुईचं मनगट.

"आई, हा हात घामट झालाय," जुई थोड्या वेळाने म्हणाली. "आता दुसरा धर."

मी दुसरा धरला.

मध्ये एका चढावर माझा पाय सरकला. वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवीचं रान होतं, माणसाहून उंच, दाट. मी आधाराला एक बुंधा धरला तर तो मुळासकट हातात आला. वजनच नव्हतं त्याला.

"तिला धरू नका बाई!" चिमाबाई वरून ओरडल्या. "मागल्या पावसाळ्यात फुललीया ती. सात वरसांनी एकदा फुलती, आन् फुलली की मरती. उभी दिसती नुसती."

मी ती काडी बाजूला टाकली. हाताला काहीच लागलं नव्हतं.

माथ्यावर पोचल्यावर पराग सरळ कड्याच्या दिशेने निघाला, तेव्हा चिमाबाईंनी त्याला हटकलं. "ओ दादा! कुठं निघालात एकले?"

"आलोच, एक नजर टाकून."

"यकल्यानं न्हाई टाकायची हितं नजर. आधी बसा. पाणी प्या. मंग सांगते."

तिथे एक खुरटं जांभळीचं झाड आहे. त्याच्या सावलीत आम्ही बसलो. जुईला मी माझ्या मांडीत घट्ट घेतली आणि चिमाबाई सांगू लागल्या.

मेट म्हणजे गडाखालची चौकी. पलीकडे दिसतो तो गड राबता होता तेव्हाची ही गोष्ट; राजा कोण होता ते कुणी सांगत नाही. गडाच्या घेराला राखणदारांच्या वस्त्या होत्या, त्यातली ही एक. दारात भोकराचं झाड, म्हणून भोकरमेट. इथल्या माणसांकडे एकच काम: खालून कोकणातून जी घाटवाट वर चढते तिच्यावर नजर ठेवायची. उन्हाळा आला, ओढे आटले, धान्य कणगीत जाऊन पडलं की त्या वाटेने लुटारू वर येत. वाट जिथे निम्मी चढून होते तिथे तिला दोन फाटे फुटतात. डावा फाटा शेजारच्या वस्तीकडे जातो, उजवा भोकरमेटाकडे. माथ्यावरच्या पहारेकऱ्याने बघायचं की आलेली माणसं कोणता फाटा धरतात. डावा धरला तर एक धूर, उजवा धरला तर दोन. पण धूर ती माणसं फाट्यावरून पुढे गेल्यावरच करायचा. आधी केला तर त्यांना दिसणार, आणि ती वाट बदलणार. म्हणून वाटेवर माणूस दिसल्यापासून फाटा ओलांडेपर्यंत पहारेकऱ्याने नजर हलवायची नाही, असा नेम होता. पहारा घरटी तीन दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत.

त्या उन्हाळ्यात एका घराची पाळी भागूवर आली. भागूचा नवरा गडावर चाकरीला होता, घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं. तीन वर्षांची मुलगी होती, सगी. तिच्याआधीची दोन गेली होती, म्हणे. मुलीला घरी ठेवायचं तर कुणाकडे? उन्हाळ्यात हिंडतंफिरतं सगळं मेट पाण्यासाठी नाहीतर लाकडांसाठी रानात; मागे राहायच्या त्या थकल्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणी. भागू तिला पाठीवर बांधून माथ्यावर आली.

माथ्यावर तेव्हा हा दगड होता, पण तो नुसता दगड होता. भागू त्याच्यावर कोकणाकडे तोंड करून बसली. मुलीला तिने मागे सावलीत बसवलं, लुगड्याचा काठ फाडून त्याचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं मागच्या कारवीच्या बेटाला. गाठ तिने दोनदा ओढून बघितली, असं सांगतात. गाठ पक्की होती.

पण ते साल फुलोऱ्यानंतरचं होतं. कारवी दाट दिसत होती, उभी होती. मेटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की फुललेली कारवी पुढच्या उन्हाळ्यात मेलेली असते. त्यांच्या घरांचे कूड, म्हणजे भिंती, तिनेच विणलेले असतात. भागूलाही ठाऊक होतं. तिने गाठ बघितली, झाड बघितलं नाही.

इथे चिमाबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "व्हतं आसं. रोजचं आसलं की डोळ्याला दिसत न्हाई." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना आमच्या तलावाबद्दल काही माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

दोन दिवस काही झालं नाही. भागू पुढे बघत बसायची आणि मागे सगी आपली आपल्याशी बडबडत असायची. तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि खाली वाटेवर धूळ दिसली. धुळीत माणसं. पंचवीस-तीस. भागूने नजर लावली. माणसं सावकाश चढत होती. फाटा अजून लांब होता.

आणि मागची बडबड थांबली.

भागूने ते ऐकलं. असं नाही की तिचं लक्ष नव्हतं. बडबड थांबली हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, असं सगळे सांगतात, त्यात कुणाचंच दुमत नाही. तिने हाक मारली. मान न वळवता मारली. ओ आली नाही. खाली माणसं फाट्याकडे येत होती. मेटात त्या घटकेला म्हातारी माणसं, बाळंतिणी, गुरं, वर्षाचं धान्य. भागूने मान वळवली नाही.

"किती वेळ?" मी विचारलं.

"आजी म्हणायची, येक भाकर थापून भाजाया लागती येवढा," चिमाबाई म्हणाल्या. "जास्ती न्हाई."

मी मनात भाकरी थापली आणि भाजली. अकरा सेकंदांहून पुष्कळ जास्त होतं.

माणसांनी उजवा फाटा धरला. भागूने दोन धूर केले. मेट रिकामं केलं गेलं, माणसं गुरांसकट कपारीत जाऊन बसली, धान्य हलवलं. लुटारू आले, रिकाम्या कणग्या बघून परत गेले. एकालाही ओरखडा आला नाही. भागू मात्र धूर केल्या केल्या वळली होती. कारवी मुळातून उपटलेली होती. सगी नव्हती.

"मग सगी कुठे गेली?" जुईने विचारलं.

चिमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ती व्हय? ती टाक्याकडं गेली व्हती. तान लागली आसंल. तिकडं मागं पाण्याचं टाकं हाये."

"तिला पोहता येत होतं का?"

परागने बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"ते काय मला ठावं न्हाई बाय," चिमाबाई म्हणाल्या. "लई जुनी गोष्ट हाये."

मुलगी सापडली का, याबद्दल दोन बोलवा आहेत. एक मुलांना सांगतात. दुसरी चिमाबाईंनी मला उतरताना सांगितली, पण ती मी इथे लिहीत नाही.

पुढचं मात्र सगळे एकसारखं सांगतात. भागू रडली नाही. नवरा गडावरून आला, त्याच्याशी बोलली नाही. मेटाने तिचे उपकार मानले, तिला साडीचोळी केली, तिने ती घेतली आणि घडी न मोडता कोनाड्यात ठेवली. रोज उजाडलं की ती माथ्यावर यायची आणि दगडावर बसायची, पण आता उलटी: कोकणाकडे पाठ आणि तोंड त्या उपटलेल्या कारवीच्या जागेकडे. दिवसभर. कुणी भाकरी दिली तर खायची. मावळलं की खाली यायची. तिच्या चुलीत विस्तव असायचा, दारात सडा असायचा. बघणाऱ्याला वाटावं, बाईचं सगळं ठीक चाललंय.

आणि पहाऱ्याचा दगड तर तोच. दुसऱ्या दिवशी पाळी होती सोनाईची. सोनाई भागूच्या शेजारची, तिच्याहून वयाने मोठी. मेटातली सगळ्यांत बडबडी बाई, म्हणे. तिच्या तोंडाला लोक वैतागलेले होते. ती वर आली तर दगडावर भागू. ऊठ म्हणावं तर कसं? म्हणून सोनाई तिच्या पाठीला पाठ लावून, कोकणाकडे तोंड करून बसली. गप्प बसणं तिच्याच्याने होईना. मग ती समोर दिसेल ते सांगत सुटली. "भागे, घार फिरतीया. भागे, वाटंवर कुनी न्हाई. एक गाय हाये, पांडूची आसंल, त्याला काय गाय सांभाळता येती व्हय? भागे, ढग न्हाई गं अजून." भागू ओ द्यायची नाही. पण सोनाई सांगायची की तिचं बोलणं चालू असलं की भागूची पाठ सैल पडायची, आणि थांबलं की दगडासारखी व्हायची.

सोनाईने आपल्यामागोमाग येणाऱ्या सगळ्यांना बजावलं, तिथं बसायचं तर बोलायचं. असं सात वर्षं चाललं. हे मी चिमाबाईंना पुन्हा विचारून घेतलं, सात महिने की सात वर्षं. सात वर्षं. पाळी ज्याची असेल त्याने यायचं, भागूच्या पाठीला पाठ लावायची आणि बोलत राहायचं. लाजऱ्या माणसांची पंचाईत व्हायची. तो गाईवाला पांडू तर म्हणे दिवसभर नुसती आपल्या गुरांची नावं घेत बसायचा, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून. चिमाबाईंनी ती नावं म्हणून दाखवली. जुईला फार आवडली.

सातव्या वर्षी कारवी पुन्हा फुलली. सगळा डोंगर जांभळा झाला. पावसाळ्यात पहारा नसे, पण भागूसाठी पाळ्या चालूच होत्या, आणि त्या दिवशी पाळी पुन्हा सोनाईची होती. सोनाई आता थकली होती, चढताना धापा टाकायची. बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली, श्वास अडकला आणि ती थांबली.

आवाज थांबला आणि भागू वळली.

लगेच वळली, असं सांगतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिने सोनाईला धरलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. सोनाईचा श्वास लागला तेव्हा भागू बोलली. सात वर्षांनी पहिल्यांदा बोलली ती एवढंच: "तू गप बस आता. मागचं मी सांगते." आणि पुन्हा पाठीला पाठ लावून बसली आणि तिला समोर जे दिसत होतं ते सांगू लागली. कारवी. मधमाशा. जांभळीची सावली. मेटातल्या चुलींचा धूर, कुणाकुणाच्या घरातून निघतोय तो. सोनाई पहिल्यांदाच ऐकत होती. दोघी त्या दिवशी खाली उतरल्या त्या रडूनच, असंही काही जण सांगतात. चिमाबाई तसं म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी भोकराखाली मेट जमलं आणि त्यांनी आण घेतली. माथ्यावर यापुढे एकटं माणूस बसणार नाही. दोघं बसतील, पाठीला पाठ लावून, मागचा बोलत राहील. आणि मागचा बोलायचा थांबला तर पुढच्याने आधी वळायचं. वाटेवर कुणी असो, फाटा ओलांडायचा राहो. मेट लुटलं जाणार असेल तर जावो. आधी वळायचं.

गडावरच्या हवालदाराला हे पसंत पडलं नाही. तो खाली येऊन म्हणाला, पहारा म्हणजे पहारा, असली थेरं चालणार नाहीत. तेव्हा सोनाईने त्याला विचारलं, म्हणे, "तुमच्या मागं कोन उभं हाये आत्ता, सांगा बघू?" हवालदाराने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सगळं मेट हसलं. "बघा," सोनाई म्हणाली, "तुमीबी वळलाच की."

ही आण एकदा कसाला लागली. पुढच्या कुठल्याशा उन्हाळ्यात वाटेवर माणसं असतानाच मागचा आवाज थांबला. पहारेकरी वळला. मागचा म्हातारा बसल्या बसल्या पेंगला होता, बाकी काही नाही. पण तेवढ्यात फाटा ओलांडला गेला, धूर चुकला आणि मेट लुटलं गेलं. त्या वर्षी पाऊस पडेपर्यंत लोक रानातले कंद उकडून जगले. आणि तरीही, चिमाबाई म्हणाल्या, त्या वळलेल्या माणसाला मेटातलं कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्या पेंगलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा नाही.

सगळ्या गोष्टीत मला हाच भाग अद्भुत वाटला. कारवी सातव्या वर्षी फुलते, ते शास्त्रातही आहे. पण कुणी एका शब्दाने बोललं नाही, यावर विश्वास ठेवणं मला कठीण गेलं. मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे.

"चला," चिमाबाई उठत म्हणाल्या, "आता बघा काय बघायचं ते."

मी घाईने म्हणाले, "पराग, तू बघ. मी मागे बसते." मागे बसलं की तोंड मेटाकडे, जांभळीकडे, म्हणजे जुईकडे. मला तीच जागा हवी होती. पराग कोकणाकडे तोंड करून बसला आणि मी त्याच्या पाठीला पाठ लावली. त्याचा शर्ट घामाने ओला होता. रिवाजाप्रमाणे मी दिसेल ते सांगू लागले.

"जुई बसलीय. जुईने दगड उचलला. जुईने दगड टाकला. जुई चप्पल काढतेय. जुई, चप्पल काढू नकोस, काटे आहेत. जुईने चप्पल काढली."

"दुसरं काही दिसत नाही का तुला?" पराग पलीकडून म्हणाला. चिडून नाही. हळूच.

मी शोधलं. बराच वेळ लागला. "जांभूळ," मी म्हणाले. "जांभळाला फळं आहेत. थोडी." एवढं बोलायला मला एवढा वेळ का लागला, कोण जाणे.

"बास," चिमाबाई म्हणाल्या. "आता तू तिकडं तोंड कर बाई. आन् लेक बसंल मागं."

"नको, ती लहान आहे. तुम्ही बसा ना माझ्या मागे."

"म्या कशाला? तिला तोंड न्हाई व्हय?"

जुई चप्पल न घालताच धावत आली आणि दगडावर चढली. मी म्हटलं होतं ना, ती कशावरही चढते. तिची पाठ माझ्या पाठीच्या निम्म्यापर्यंत आली. गरम, हाडकुळी, सारखी हलणारी. मी कोकणाकडे तोंड केलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती मला दिसत नव्हती.

"बाबा आहे," जुईने सुरुवात केली. "बाबा पाणी पितोय. आजी आहेत. आजींच्या पायात चप्पलच नाहीये आणि त्यांना कुणी रागवत नाही. एक मुंगळा आहे. त्याने काहीतरी मोठ्ठं धरलंय. ते पानच आहे. आता तो पडला. पुन्हा उठला."

समोर कोकण नव्हतं. मे महिन्याच्या धुरकट हवेत कड्याच्या पुढे नुसता पांढुरका पडदा होता. नीट बघितलं तर त्याच्या आत एक डोंगर, मग त्याच्या मागे त्याहून फिका एक, आणि त्यांच्या मधून खाली जाणारी एक बारीक रेघ. तीच ती वाट असावी. ती एका ठिकाणी दोन होत होती. मी त्या जागेकडे बघत राहिले. मोकळं वगैरे वाटलं नाही. गाल अजून आपला नव्हता. पण कानात आवाज येत होता, मुंगळा, बाबा, पुन्हा मुंगळा, आणि पाठीला तिच्या मणक्यांची टोकं एकेक करून लागत होती. मी ती मोजत बसले.

मग आवाज थांबला.

मी वळले. आणेप्रमाणे नाही, सवयीने. जुई तोंडात एक जांभूळ घेऊन माझ्याकडे बघत होती. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, असं तिने हाताने खुणावलं. जिभेपासून हनुवटीपर्यंत जांभळी झाली होती.

"वळलीस ना?" चिमाबाई जांभळीखालून म्हणाल्या. "बरोबर. आसंच वळायचं. आता पुन्हा तिकडं बघ."

"आता बघितलं," मी म्हणाले.

"मंग बघून झाल्यालं पुन्हा बघावं."

मी पुन्हा बघितलं.

आजही भोकरमेटात कुणी विहिरीवर वाकून पाणी ओढत असेल, कुणी चुलीशी असेल, तर मागून कुणीतरी काहीतरी बोलत असतं. आम्ही जेवायला उतरलो तेव्हा चिमाबाईंची सून भाकरी थापत होती आणि तिचा सासरा ओट्यावर बसून, पाठमोरा, अंगणात काय काय चाललंय ते तिला सांगत होता. कोंबडी. पोस्टमन, न्हाई, पोस्टमन नव्हं, दुसराच कुनी. ती मध्येच हूं म्हणायची. लुटारू यायचे थांबून किती पिढ्या झाल्या, गडावर आता माकडं राहतात. पण पाठीच्या दगडावर आजही कुणी एकटं बसत नाही. आजही मागचा थांबला तर पुढचा वळतो.

हे सगळं मात्र नंतरचं. त्याआधी, माथ्यावर, जुईने बी थुंकून टाकली, हात फ्रॉकला पुसले आणि मला दगडावरून ढकलायला सुरुवात केली. तिला आता जागा बदलायची होती. म्हणजे ती कड्याकडे तोंड करून बसणार आणि मी तिच्याकडे पाठ. मी चिमाबाईंकडे बघितलं. त्या जांभळाची फळं वेचत होत्या, त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. मी पावलं पुन्हा मोजली. कड्यापर्यंत बावीस. मी उठले आणि फिरून दुसऱ्या बाजूला बसले. समोर जांभूळ, पराग, तिच्या दोन चपला, एक सुलटी, एक उलटी. पाठीला तिची पाठ लागली. मला वाटलं होतं, ती आता 'किती भारी दिसतंय' म्हणेल, किंवा 'यात काय बघायचंय?' म्हणेल. चप्पल, एवढा एक शब्द मला म्हणायचा होता आणि तो येत नव्हता.

तेव्हा ती म्हणाली, "आई, बोल ना. तू थांबलीस तर मला वळायला लागेल."